बाबा, तुमची बॅग अजून माळ्यावर आहे ना?

एडिसन, न्यू जर्सी
रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर रोज बोलतो, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, आईला देतो" म्हणतात, आई "जेवलीस का" विचारते आणि सांगायचं ते राहून जातं. आई, निखिल या पानांचे फोटो पाठवेल, ते तू वाचून दाखव. बाबांनी वाचायचं नाही, डोळ्याच्या ऑपरेशनला तीनच आठवडे झालेत.

आधी मुख्य ते सांगते. मी नोकरी सोडली. मला कुणी काढलं नाही, तेव्हा घाबरू नका. सप्टेंबरपासून इथल्या सरकारी शाळेत नववी ते बारावीच्या मुलांना गणित शिकवणार आहे. आणि आम्ही ते मोठं घर विकलं. होय, तेच, ज्याचा फोटो बाबांनी दिवाणखान्यात टीव्हीच्या वर लावलाय. कागद मागच्या शुक्रवारी झाले. आधी विचारलं नाही, कारण बाबा, तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असतात आणि रात्रभर जागे राहिला असता. झोपेची गोळी सुरू झालेली मला नको होती.

आता काळजीचं एकेक काढून टाकते. नवीन जागा भाड्याची आहे, दोन खोल्या आणि हॉल, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. थंडीत हीटिंगचे पैसे भाड्यातच येतात. आई, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, तुळस खिडकीत ठेवली आहे आणि ती तग धरून आहे. तुझं पोळपाट-लाटणं, मोठा कुकर, पुरणयंत्र सगळं इकडे आलं, काही टाकलं नाही. चिनूची शाळा बदलली नाही. आरोग्यविमा शाळेकडून आहे, निखिलची नोकरी आहेच. पगार निम्म्याच्या आसपास येईल, पण घराचा हप्ता गेला आणि दुसरी गाडीही विकली, त्यामुळे हिशोब बसतो. मी वहीत तीनदा मांडून पाहिला, बाबा, तुमच्यासारखा, डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला खर्च. शिवाय शाळेला उन्हाळ्यात दोन महिने सुट्टी. पुढच्या जूनअखेर आम्ही तिघं येतो ते ऑगस्टपर्यंत. आंबे संपलेले असतील, पण पाऊस मिळेल.

हे सगळं कुठून आलं, ते सांगायचं तर एका नाटकापासून सुरुवात करावी लागेल.

२०२२च्या डिसेंबरात ऑफिसातल्या मैत्रिणीकडे एक जास्तीचं तिकीट होतं, म्हणून न्यूयॉर्कच्या हडसन थिएटरात आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' पाहिलं. ब्रॉडवेवर पहिल्यांदाच त्यातलं लोमन कुटुंब कृष्णवर्णीय दाखवलं होतं, वेंडेल पीअर्स विली लोमन होता. पडदा उघडला की साठी ओलांडलेला एक माणूस दोन मोठ्या बॅगा घेऊन घरी येतो आणि त्या खाली ठेवून तळहात चोळतो. विली फिरतीचा विक्रेता आहे. त्या बॅगांत काय माल आहे, हे मिलरने अख्ख्या नाटकात सांगितलेलं नाही. पण मला माहीत होतं. मला त्यात सॅम्पलच्या गोळ्या, कफ सिरपच्या बाटल्या आणि डॉक्टरांना द्यायची पेनं दिसत होती. बॅग ठेवायची ती पद्धत तुमची होती, बाबा. जतचा किंवा विट्याचा टूर संपवून एसटीतून उतरून यायचात, आधी बॅग, मग तळहात, मग "माझं कोकरू कुठंय". मी दाराआड लपायचे आणि तुम्हाला रोज सापडायचे नाही.

हे नाटक पहिल्यांदा लागलं १० फेब्रुवारी १९४९ला, मोरॉस्को थिएटरात. इलिया कझान यांचं दिग्दर्शन होतं आणि ली जे. कॉब विली. ७४२ प्रयोग झाले. ते थिएटर १९८२ साली पाडलं, त्या जागी आता भलंमोठं हॉटेल आहे. बसस्टँडवरून ऑफिसला जाताना मी कितीतरी वर्षं त्याच्यासमोरून गेले, तिथे काय होतं ते ठाऊकच नव्हतं.

बाबा, तुम्ही भावे नाट्यमंदिरातल्या पहिल्या रांगेचे प्रेक्षक, तेव्हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो: फिरत्या विक्रेत्याची कसली शोकांतिका? राजा पडला तर आवाज होतो. 'नटसम्राट'मधला गणपतराव बेलवलकरही आयुष्यभर राजे वठवलेला नट होता. इथल्या काही समीक्षकांनी हेच विचारलं होतं. मिलरने नाटक आल्यावर सतराच दिवसांत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की साधा माणूसही राजाइतकाच शोकांतिकेचा नायक होऊ शकतो, कारण शोकांतिकेची भावना जागी होते ती आपली प्रतिष्ठा राखायला जीवही द्यायला निघालेला माणूस समोर पाहून. मुकुट लागत नाही. मला हे पटतं, आणि ते पटायला मला ॲरिस्टॉटल वाचावा लागला नाही.

मिलरला हे घरातूनच आलेलं. त्याच्या वडिलांचा कोट शिवण्याचा मोठा धंदा होता, १९२९च्या मंदीत बुडाला आणि कुटुंब मॅनहॅटन सोडून ब्रुकलिनच्या लहान घरात आलं. एक काका फिरते विक्रेते होते. गंमत म्हणजे 'अमेरिकन ड्रीम' हे शब्द लोकांच्या तोंडी आले तेही त्याच मंदीत, १९३१ साली, जेम्स ट्रस्लो ॲडम्स नावाच्या इतिहासकाराच्या पुस्तकामुळे. आणि त्याने तेव्हाच लिहून ठेवलं होतं की हे स्वप्न नुसतं मोटारींचं आणि मोठ्या पगाराचं नाही. ते वाक्य बहुतेकांनी वगळलं. विलीनेही वगळलं. चार लोकांना आपण आवडलो की पैसा आपोआप येतो, हेच त्याने मुलांना शिकवलं.

एक प्रवेश मात्र मला सहन झाला नाही. चौतीस वर्षं कंपनीत काढल्यावर विली मालकाच्या मुलाकडे जातो. फिरती झेपत नाही, न्यूयॉर्कातच काहीतरी द्या म्हणतो. तो मुलगा नव्या रेकॉर्डरशी खेळतोय, आपल्या पोराने म्हटलेल्या राजधान्यांची नावं ऐकवतोय. विली आठवड्याला पासष्ट डॉलर मागतो. मग पन्नास. मग चाळीस. तो एकेक आकडा खाली येताना माझ्या पोटात खड्डा पडत होता. शेवटी नोकरीच जाते.

बाबा, आता जे लिहिते ते मी आजवर बोलले नाही. तुम्हाला दुखवायला लिहीत नाही.

पुण्याच्या त्या मीटिंगहून तुम्ही बाकरवडीचा पुडा घेऊन आलात आणि म्हणालात, कंपनी नवीन लोकांनी घेतली, बघू. दुसऱ्या दिवसापासून रोजच्यासारखे नऊला इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन निघत होतात. मी तेव्हा अकरावीत होते. क्लासची चाचणी रद्द झाली म्हणून एके दिवशी लवकर परतले आणि मिरज स्टेशनच्या पुलावरून तुम्हाला बाकावर बसलेलं पाहिलं. बॅग मांडीवर होती, दोन्ही हात बॅगेवर. तुम्ही गाड्यांकडे बघत होतात. मी खाली आले नाही, दुसऱ्या जिन्याने निघून गेले. तेव्हापासून मला वाटतं की मी यायला हवं होतं, शेजारी बसायला हवं होतं. माफ करा मला.

नाटकात विलीची बायको लिंडा मुलांना सांगते, तो काही थोर माणूस नाही, पण माणूस आहे आणि त्याच्यावर भयंकर काहीतरी ओढवलंय, तेव्हा त्याच्याकडे लक्ष दिलंच पाहिजे. तिला सगळं माहीत असतं. विली शेजारच्या चार्लीकडून दर आठवड्याला पन्नास डॉलर उसने आणून पगार म्हणून देतो, तेही. आई, त्या आठवड्यात तू रोज डबा भरून देत होतीस. पोळ्या मोजून चार. तुलाही माहीत होतं, हे मला थिएटरात कळलं.

आणि इथेच बाबा, तुमची नि विलीची वाट वेगळी होते, हेच मला तुम्हाला सांगायचंय. चार्ली विलीला नोकरी देऊ करतो. पैसे उसने घेणारा विली ती नोकरी घेत नाही, मला नोकरी आहे म्हणतो. तुम्ही दहाव्या दिवशी जोशीकाकांच्या औषधदुकानात काउंटरमागे उभे राहिलात. ज्या दुकानांतून तुम्ही साहेबासारखे ऑर्डर घ्यायचात, त्यातल्याच एकात लोकांना सुट्टे पैसे परत करत होतात. माझं इंजिनीअरिंग त्या काउंटरवर झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विलीला जे जमलं नाही ते तुम्ही केलंत आणि त्यावर कुणी नाटक लिहिलं नाही, म्हणून मी हे पत्र लिहिते आहे.

विलीचा मोठा मुलगा बिफ. गणितात चार गुण कमी पडले आणि तिथून त्याचं आयुष्य घसरत गेलं (खरं कारण वेगळं आहे, बोस्टनच्या हॉटेलातलं, ते भेटीत सांगेन). चौतिसाव्या वर्षी तो बापाला सांगतो, मी साधा माणूस आहे, तुम्हीही साधे आहात, डझनावारी मिळतात आपल्यासारखे, ते खोटं स्वप्न आता जाळून टाका. आणि बापाच्या गळ्यात पडून रडतो. विलीला केवढा आनंद होतो, पोराचा आपल्यावर जीव आहे म्हणून! पण तेवढ्यावर तो थांबत नाही. विम्याचे वीस हजार डॉलर मिळाले तर हा पोरगा काय होईल, असं म्हणत गाडी काढतो आणि मरायला जातो. त्याची चूक मला तिथे दिसते. प्रेम हातात आलेलं होतं आणि त्याने त्याचेही पैसे करायला घेतले. घराचा शेवटचा हप्ता त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी फिटतो. आमच्या घराचे हप्ते अजून एकवीस वर्षं होते.

आई, तुला दुसरं एक नाटक आवडेल, लोरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन', १९५९चं. शिकागोतलं कृष्णवर्णीय कुटुंब, तिथेही विम्याचेच पैसे, दहा हजार. मुलगा ते बरेचसे घालवून बसतो. गोऱ्यांची वस्ती त्यांना येऊ नका म्हणून पैसे देऊ करते आणि तो आपल्या पोरासमोर ते नाकारतो. घर सोडताना त्याची आई खिडकीतलं खुरटलेलं रोपटं घ्यायला परत येते. मी तुळस उचलली तेव्हा तीच डोळ्यांसमोर होती.

बाबा, कट्ट्यावर लोक विचारतील. "लेक न्यूयॉर्कात मोठ्या हुद्द्यावर" हे तुम्ही किती आनंदाने सांगता, मला माहीत आहे, आणि तो आनंद काढून घेताना मला वाईट वाटतंय. "शिक्षिका आहे" असं सांगा. नाही सांगावंसं वाटलं, तर काही दिवस काहीच सांगू नका, मी रागावणार नाही. पण मनात लावून घेऊ नका. तिथे मी दिवसाचे अकरा तास स्क्रीनवरचे आकडे इकडून तिकडे करत होते. चिनूला झोपलेलीच पाहत होते. इथे चार गुण कमी पडलेला एखादा पोरगा समोर बसेल आणि त्याचे ते चार गुण कसे आणायचे, ते मला येतं.

आता ऐका. अंगणात शेवाळ धरलं असेल, ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, तुम्ही नाही, बाई घासेल. स्कूटर पावसाळाभर बंद. डोळ्यात थेंब दिवसातून चार वेळा, फ्रिजच्या दारावर कागद लावा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला दिलेला नाही. साखर पंधरा दिवसांनी तपासायची आणि खरा आकडा सांगायचा, कमी करून नाही. पैसे दर महिन्याला पूर्वीइतकेच येतील, त्यावर चर्चा नको.

आणि एक मागणं आहे. शाळेतली मुलं वसंतात हेच नाटक करणार आहेत, इंग्रजीच्या बाई बॅगा शोधताहेत. तुमची तपकिरी बॅग माळ्यावर आहे ना, डाव्या कडीला सुतळी बांधलेली? द्याल का? मावशीचा सागर ऑक्टोबरात येतोय, त्याच्याकडे द्या. आतलं काही काढू नका, जुने रिपोर्ट असले तर असू देत. आणि माळ्यावर तुम्ही चढायचं नाही, सागरलाच चढू द्या, आईने शिडी धरायचीसुद्धा नाही.

तुमची,
कोकरू