एसी बसवा, पण डॅशबोर्ड कापू नका

महोदय,

जुन्या मोटारींत एसी बसवावा की नाही, यावर आपल्या पुरवणीत आलेली दोन्ही पत्रं वाचली. एकाला त्यात गाडीच्या अस्सलपणावर घाला दिसतो. दुसरे म्हणतात, एसीचं तयार किट आणा, बसवा आणि मोकळे व्हा. माझी उमेदीची वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

अस्सलपणाचं आधी उरकतो. पॅकार्डनं १९४० च्या मॉडेलला कारखान्यातूनच एसी देऊ केला होता. त्याचं कूलिंग कॉइल मागच्या सीटच्याही मागे असायचं आणि कॉम्प्रेसरला इंजिनापासून सोडवणारा क्लचच नव्हता. एसी बंद करायचा म्हणजे इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टा उतरवून ठेवायचा! पुढे १९५० च्या दशकात डॅशबोर्डखाली टांगायचे सुटे एसी अमेरिकेत विक्रेतेच बसवून देत. तेव्हा वरून बसवलेल्या एसीला उपरा म्हणायचं कारण नाही.

‘बसवा आणि मोकळे व्हा’ याची मात्र मला धास्ती वाटते. किट उघडलं की सगळे कॉम्प्रेसरकडे बघतात. मी डायनामोकडे, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राकडे, बघतो. त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तो २२ अँपिअरचा, आणि तेवढे तो देणार इंजिन चांगलं फिरत असेल तेव्हा. आयडलिंगला जवळपास शून्य. आता रात्रीचा हिशेब मांडा. ६० वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टला १० अँपिअर खातात. ब्लोअर जोरात लावला की दहाच्या आसपास, कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) पंख्याला जवळपास तेवढेच, कॉम्प्रेसरच्या क्लचला तीन-चार. वायपर आणि इग्निशन अजून धरलेलंच नाही. तूट बॅटरी भरून काढते आणि पुढच्या सिग्नलला गाडी ढिम्म. म्हणून आधी आयडलिंगलाही वीज देणारा अल्टरनेटर, मग एसी. डायनामोच्याच रूपातले अल्टरनेटर मिळतात. बॉनेट उघडून बघणाऱ्यालाही चटकन कळत नाही.

आणखी एक. जुन्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तिथे सवयीनं कंडेन्सरच्या पंख्याची काळी, म्हणजे मायनसची, वायर बॉडीला मारली की चुंबकाच्या मोटारीचा हा पंखा उलटा फिरतो. इंजिनाचा पंखा हवा आत ओढतोय, हा बाहेर ढकलतोय. रेडिएटर उकळतो आणि शिव्या एसीला बसतात.

एका गाडीचं काम तर अजून डोळ्यांपुढून जात नाही. कुणी तरी कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट सरळ चॅसीला वेल्ड केला होता. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चॅसी हलत नाही. परिणामी पट्टा कधी ताणला जातोय, कधी सैल पडतोय. पुलीच्या कडेला काळी भुकटी साचलेली आणि क्लच लागला की किंकाळी. कॉम्प्रेसर इंजिनावरच बसला पाहिजे आणि त्याची पुली क्रँकच्या पुलीशी एका रेषेत हवी, इतकी साधी गोष्ट. त्याच गाडीच्या डॅशबोर्डला एसीच्या हवेच्या जाळ्यांसाठी चार गोल भोकं पाडलेली. मूळ रंगाचा पत्रा, क्रोमची पट्टी मधोमध तोडलेली. पट्ट्याचा प्रश्न नवा ब्रॅकेट बनवून सुटला. त्या पत्र्याचं काय करणार?

माझं म्हणणं एवढंच आहे: जे पुढे काढता येईल ते बसवा. डॅशबोर्डखाली टांगायचं युनिट घ्या, मूळ बोल्टचीच भोकं वापरा, काढलेला डायनामो आणि पुली तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवा. एसीतून गळणाऱ्या पाण्याची नळी गाडीबाहेर उतरते ना, हे स्वतः वाकून बघा, नाही तर गालिच्याखालचा पत्रा मुकाट्यानं सडतो.

एसीत भरायच्या गॅसबद्दल थोडक्यात. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ हा जुना गॅस हळूहळू बाद होत गेला. जुन्याच सिस्टिममध्ये त्याच्या जागी आलेला आर-१३४ए भरायचा असेल तर कॉम्प्रेसरचं तेलही बदलावं लागतं, कारण जुनं खनिज तेल त्यात मिसळत नाही. शिवाय कंडेन्सर चांगला लागतो. भरण्याआधी व्हॅक्यूम नीट केला नाही, म्हणजे आतली हवा पुरती ओढून काढली नाही, तर आत राहिलेली ओल एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठते.

आणि या सगळ्याच्या आधी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि आपले पाय यांच्यामधला पत्रा, तपासा. पेडल आणि केबल जिथून आत येतात तिथले रबर कधीच कडक होऊन गळालेले असतात. इंजिनाची गरम हवा तिथून थेट पायांवर येते. ती भोकं बुजवून, वर उष्णतारोधक थर लावला की काहींना एसीची गरजच उरत नाही. किट विकणारा हे सांगणार नाही, हे ओघानं आलंच.

एक विनंती. आपल्या पुरवणीत जुन्या गाड्यांचे फोटो देखणे असतात, पण बॉनेट कायम बंद. एकदा उघडं ठेवून छापा. कोणाची वायर कुठे गेली आहे, ते आम्हालाही बघू द्या.

– एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन