‘सर्व्हर डाऊन’ची पाटी आणि हजेरीचं मशीन

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या पेपरात महिन्यातून दोनदा तरी ‘सर्व्हर डाऊन, नागरिक ताटकळले’ असा मथळा असतोच, आणि वाचताना दरवेळी वाटतं की पुढचं वाक्य कुठं गेलं, डाऊन झाला तर झाला पण काहून झाला हे कोणी विचारलं का. आपल्याकडे सर्व्हर डाऊन म्हणजे अवकाळी पाऊस झालाय, आला तर आला, कोणाला काय बोलणार. मी इथल्याच एका कॉलेजात लॅब आणि नेटवर्क सांभाळतो, आणि मागच्या जूनमध्ये ही पाटी मीच स्वतःच्या हाताने दारावर चिकटवली होती, म्हणून लिहून राहिलो.

आमच्याकडे सगळं इंटरनेट एका प्रॉक्सी सर्व्हरमधून जातं. प्रत्येक कॉम्प्युटर आपली मागणी त्याच्याकडे देतो, तो बाहेरून आणून देतो. तो बसला की सगळंच बसलं. दिवस ॲडमिशनचे, गावाकडून आलेली पोरं फॉर्म भरायला लॅबमध्ये, फोटो आणि सही अपलोड होता होता लाइन तुटायची, एका पोरीचे तर पैसे कटले आणि पावती आलीच नाही. आणि हे व्हायचं साडेअकरानंतर, सकाळी दहा-साडेदहाला गर्दी असताना एकदम सुरळीत. मृग लागला होता पण ऊन काही हटायला तयार नव्हतं, सर्व्हरच्या खोलीत एसी नाही, कूलर आहे, तर सगळे म्हणाले गरम होऊन राहिलं भाऊ, आणि मलाही पटलं. खोलीत दुसरा पंखा लावला, ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला ते म्हणाले रॅम वाढवा, रॅम वाढवली. काही फरक नाही. सकाळी आलो की मेलेलाच असायचा, मी म्हणायचो रात्री लाइट गेली असेल.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, दर मिनिटाला बघ प्रॉक्सी जिवंत आहे का, नसेल तर उठव. प्राचार्य सर खूश, मीही खूश, पोरांचे अपलोड मात्र तसेच तुटत राहिले. पण त्या स्क्रिप्टचा एक फायदा झाला, ती प्रत्येक वेळी वेळ लिहून ठेवायची. चार दिवसांनी ती यादी उघडली तर साडेअकरा, बारा, साडेबारा, बरोबर अर्ध्या अर्ध्या तासाला, रात्री तीनलासुद्धा. आता ऊन काही घड्याळ पाहून पडत नाही.

लॉगमध्ये, म्हणजे प्रॉक्सीच्या नोंदवहीत, शोधलं तर गुन्हेगार सापडेना. कारण साधं आहे पण मला ते कळायला एक दिवस गेला, आमचा प्रॉक्सी मागणी पूर्ण झाल्यावर लॉगमध्ये ओळ लिहितो, आणि ज्या मागणीने तो मेला ती पूर्ण झालीच नाही ना! मग टीसीपीडंप, म्हणजे नेटवर्कवरून जाणारं-येणारं टिपून ठेवणारा प्रोग्राम, लावून येणारं सगळं ट्रॅफिक जसंच्या तसं साठवलं आणि बरोबर अर्ध्या तासाचा क्षण उघडून बघितला. निघालं काय, तर गेटजवळचं बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं मशीन. ते दर अर्ध्या तासाला हजेरी बाहेरच्या सर्व्हरला पाठवतं, आणि पाठवायला काही नसलं की ‘कंटेंट-लेंग्थ’ या जागी, म्हणजे पुढे किती बाइट येणार ते सांगायच्या जागी, चक्क उणे एक लिहितं. सकाळी सगळे ठसे लावतात म्हणून तेव्हा खरा आकडा जायचा आणि सगळं ठीक चालायचं, दुपारी कोणी ठसा लावत नाही की संपलं.

प्रॉक्सीने तो उणे एक वाचला, पण आत तो अशा खान्यात ठेवला जिथं उणे आकडा राहूच शकत नाही, तर 64 बिटमध्ये त्याचे झाले 18446744073709551615, आणि तेवढी मेमरी मागितली. तेवढी मिळणार कुठून, प्रोग्रामने हात टेकले. खात्री करायला रात्री लॅपटॉपवरून मशीन पाठवायचं त्याच उणे एकवाल्या चार ओळी नेटकॅटने, म्हणजे टाइप केलेलं जसंच्या तसं पाठवणाऱ्या प्रोग्रामने, हाताने पाठवल्या, पहिल्याच झटक्यात प्रॉक्सी आडवा. तेव्हा मात्र घाम फुटला, कारण हे होस्टेलमधलं कोणतंही पोरगं करू शकलं असतं.

चूक मशीनची आहेच. एचटीटीपी, म्हणजे वेबवर मागणी आणि उत्तर कसं पाठवायचं त्याची पद्धत, तिच्या 1999 च्या नियमात, आरएफसी 2616 नावाच्या कागदातच लिहिलंय की हा आकडा शून्य किंवा त्याच्यापेक्षा मोठा असावा. पण माझ्या मते मोठी चूक मरणाऱ्याची. 2022 चं आरएफसी 9112 स्पष्ट सांगतं की असा आकडा आला तर सर्व्हरने 400, म्हणजे बॅड रिक्वेस्ट, असं उत्तर देऊन लाइन तोडायची. खिडकीवर चुकीचा फॉर्म गेला तर बाबू तो परत फेकतो, ऑफिसला कुलूप लावून घरी जात नाही (निदान त्या कारणासाठी तरी नाही).

आणि हे फक्त आमच्यासारख्या कूलरवाल्या सर्व्हरचं नाही. 19 जुलै 2024 आठवा, आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले होते. एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये 21 वी माहिती तपासायला सांगितली होती, प्रोग्रामकडे होत्या 20, तो नसलेल्या जागी वाचायला गेला आणि जगात सुमारे 85 लाख विंडोज मशीन पडल्या. आलेलं बघून घ्यायचं, ते कोणी बघितलं नाही.

म्हणून साहेब, तुमच्या बातमीदारांना एक विनंती, पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ छापताना त्या ऑफिसला एवढंच विचारा की मागच्या वेळी का पडला होता. ‘रिस्टार्ट केला’ हे त्याचं उत्तर नाही, मीही महिनाभर तेच देत होतो.

आमच्याकडे आधी त्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, फायरवॉलमध्ये (नको ते ट्रॅफिक अडवणाऱ्या नाक्यावर) अडवला, मग प्रॉक्सीची नवी आवृत्ती टाकली, त्यात ही तपासणी आधीच आलेली होती, म्हणजे वेळेवर अपडेट केलं असतं तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं. मग परत त्याच चार ओळी हाताने पाठवल्या, 400 आलं, प्रॉक्सी उभा, मग मशीनचा आयपी सोडला. मशीन विकणाऱ्यांना तीन मेल केले, उत्तर नाही. ते अजूनही दुपारी दर अर्ध्या तासाला उणे एक पाठवून राहिलं आणि 400 खाऊन परत जाऊन राहिलं, लॉगमध्ये आता त्याची ओळ दिसते.

आपला,
एक वाचक, नागपूर