तीन सेवांची मोळी

संपादक महोदय,

युरोपातील घरांमध्ये इंटरनेट, टेलिफोन आणि टेलिव्हिजन या तीन सेवा एकाच कंपनीकडून, एकाच बिलावर घेण्याची पद्धत किती रुळली आहे, याविषयीचा लेख आपल्या दैनिकात नुकताच वाचला. लेखकाने या ‘ट्रिपल प्ले’ पॅकेजचे मोजमाप ग्राहकाचे महिन्याला किती युरो वाचतात या एकाच पट्टीने केले आहे. गेली काही वर्षे मी लिस्बनमध्ये राहतो आणि असेच एक पॅकेज वापरतो, त्यामुळे पैसे वाचत नाहीत असे मी म्हणणार नाही. मात्र युरोपातील अभ्यासक, नियामक आणि न्यायालये गेली वीस-पंचवीस वर्षे ज्या प्रश्नाशी झगडत आहेत, तो त्या लेखात आलाच नाही. ही मोळी एकदा डोक्यावर घेतली की ती उतरवता येते का, आणि उतरवायला किती मोजावे लागतात, हा तो प्रश्न.

माझ्या पॅकेजमध्ये एक लँडलाइन नंबर आहे. तो मला स्वतःला पाठ नाही. टेलिव्हिजनचा सेट-टॉप बॉक्स चौदा महिने कपाटाच्या खालच्या फळीवर पडून आहे, आणि त्याची वायर अजून प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघालेली नाही. हे दोन्ही काढून नुसते इंटरनेट द्यावे, अशी विनंती मी केली तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधीने अत्यंत सौजन्याने सांगितले की तसे केल्यास बिल कमी होणार नाही, उलट चार युरोंनी वाढेल, आणि नवा करार करावा लागत असल्याने 24 महिन्यांची बांधिलकी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाईल. पोर्तुगीज भाषेत या बांधिलकीला जो शब्द रूढ आहे, त्याचे मूळ ‘निष्ठा’ या अर्थाच्या शब्दात आहे. दंडाच्या भीतीने टिकणाऱ्या निष्ठेला आपल्याकडे वेगळे शब्द आहेत. ते येथे लिहीत नाही.

कमी वस्तू घेतल्यावर किंमत वाढते, हे वरवर पाहता विचित्र वाटते. त्यामागचे गणित मात्र जुने आहे. विल्यम ॲडम्स आणि जॅनेट येलेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये ते व्यवस्थित मांडले आणि पुढचे बहुतेक संशोधन त्याच पायावर उभे आहे. समजा, एका घराला इंटरनेटसाठी 30 युरो आणि टीव्हीसाठी 10 युरो मोजणे परवडते, तर दुसऱ्या घराची तयारी अनुक्रमे 18 आणि 22 युरोंची आहे. दोन्ही सेवा सुट्या विकायच्या तर कंपनीला इंटरनेट 18 युरोंना ठेवून दोन्ही घरांकडून मिळून 36 युरो मिळवता येतात, आणि टीव्ही 22 युरोंना ठेवून एका घराकडून 22, एकूण 58. दोन्ही सेवा बांधून 40 युरोंना विकल्या, तर दोन्ही घरे त्या घेतात आणि कंपनीच्या हाती 80 युरो येतात. दोन्ही घरांकडे आता दोन्ही सेवा आहेत, हा फायदाच. पण सुट्या विक्रीत पहिल्या घराच्या पदरात जे 12 युरो उरत होते, ते गेले. ज्याला इंटरनेटची ओढ अधिक आणि ज्याला टीव्हीची अधिक, अशा दोघांच्या आवडींतला फरक पॅकेजमध्ये बुजून जातो, आणि तो बुजला की ग्राहकाकडून जास्तीत जास्त किती घेता येतील याचा अंदाज विक्रेत्याला सहज बांधता येतो. म्हणून सुटे इंटरनेट मुद्दाम महाग ठेवणे कंपनीच्या सोयीचे असते. माझे चार युरो म्हणजे कारकुनाची चूक नव्हती.

तरीही मोळी ही केवळ प्रस्थापितांची युक्ती आहे, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या 2887 क्रमांकाच्या नियमामुळे सरकारी वारशातून आलेल्या टेलिफोन कंपन्यांना एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तांब्याची तार प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने देणे भाग पडले. फ्रान्समध्ये ‘फ्री’ या कंपनीने त्या तारेचा पुरता उपयोग करून घेतला. 2002 मध्ये तिने महिना 29.99 युरोंत अमर्याद इंटरनेट देऊ केले आणि 2003 मध्ये त्याच किमतीत, त्याच ‘फ्रीबॉक्स’मधून टेलिफोन व टेलिव्हिजनही देण्यास सुरुवात केली. तार एक, डबा एक, बिल एक. दुसऱ्या-तिसऱ्या सेवेचा वाढीव खर्च खरोखरच किरकोळ होता, आणि तो लाभ ग्राहकापर्यंत पोहोचला. गंमत अशी की फ्रेंच करखात्यालाही या मोळीची उकल करता आली नाही. टीव्ही कोण किती पाहतो याचा हिशेब न करता निम्म्या रकमेवर टीव्ही म्हणून 5.5 टक्के आणि उरलेल्या निम्म्यावर 19.6 टक्के असा मूल्यवर्धित कर लागत होता. ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय आयोगाने, हरकत घेतल्यावर 2011 च्या आरंभी ही सवलत गेली.

मोळी नव्या स्पर्धकाच्या हाती असते तेव्हा ती दार उघडते, आणि बाजार काही मोजक्या कंपन्यांत वाटला गेला की तीच दाराची कडी होते, असे माझे निरीक्षण आहे. पोर्तुगालइतके याचे स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. येथे 2007 पर्यंत तांब्याची तार आणि केबलचे जाळे या दोन्हींची मालकी एकाच ‘पोर्तुगाल टेलिकॉम’ समूहाकडे होती. त्या वर्षी केबलची शाखा वेगळी झाली, आणि दोन्ही जाळी परस्परांविरुद्ध तिहेरी पॅकेज घेऊन उभी राहिली. या काळातील ग्राहकांच्या तपशीलवार नोंदी घेऊन पेद्रो परेरा, तियागो रिबेरो आणि जुआंव वारेदा यांनी केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तिहेरी पॅकेजची किंमत थोडी वाढली तर पुरेसे ग्राहक सुट्या सेवांकडे वळतात का, हे त्यांनी तपासले, आणि पॅकेज हीच एक स्वतंत्र बाजारपेठ आहे, असा निष्कर्ष काढला. सुट्या सेवा स्पर्धेचा दाब टाकण्याइतक्या जवळच्या पर्याय उरल्या नसतील, तर ‘नको असेल तर सुटे घ्या’ या उत्तरात फारसा अर्थ राहत नाही. युरोपीय आयोगाने मात्र विलीनीकरणाच्या अनेक प्रकरणांत हा प्रश्न अनिर्णित ठेवूनच पुढे जाणे पसंत केले आहे.

कायद्याचा प्रवास तर अधिकच बोलका आहे. पोलंडमधील ‘टेलिकोमुनिकात्सिया पोल्स्का’ ही कंपनी आपले ब्रॉडबँड टेलिफोन जोडणीच्या करारासोबतच देत असे. एक सेवा घेण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालू नये, या पोलिश कायद्याच्या आधारे तेथील नियामकाने त्याला आक्षेप घेतला. प्रकरण लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयात गेले, आणि 11 मार्च 2010 च्या निकालाने असे ठरले की अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या संघाच्या 2005 च्या निर्देशाखाली अशी सरसकट बंदी घालता येत नाही. प्रत्येक प्रकरण त्याच्या परिस्थितीनुसार तपासावे लागेल. वर्षभर आधी बेल्जियमच्या अशाच सरसकट बंदीचीही हीच गत झाली होती. हा निकाल ग्राहकविरोधी होता असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. बंदी राहिली असती तर ‘फ्री’सारख्या कंपन्यांची वाट आधी बंद झाली असती. त्या निकालानंतर एकच गोष्ट हाताशी राहिली: मोळी बांधू द्यायची, पण गाठ अशी असावी की ग्राहकाला ती सोडता येईल.

2018 च्या युरोपीय इलेक्ट्रॉनिक संप्रेषण संहितेने हीच दिशा धरली. ती आपापल्या कायद्यात उतरवण्याची मुदत सदस्य देशांना 21 डिसेंबर 2020 पर्यंत होती. पोर्तुगालने ते काम ऑगस्ट 2022 मध्ये पुरे केले. संहितेचे कलम 107 पॅकेजसंबंधी आहे आणि माझ्या मते ते संपूर्ण संहितेतील सर्वांत व्यवहारी कलम आहे. पॅकेजमधील एक सेवा कराराप्रमाणे मिळत नसल्यामुळे ती मुदतीपूर्वी सोडण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला, तर त्याला संपूर्ण पॅकेज सोडता येते. म्हणजे इंटरनेट कायम तुटत असेल तर ‘टीव्ही तर नीट चालतो ना’ असे सांगून कंपनीला ग्राहक अडकवून ठेवता येत नाही. मध्येच एखादी जादा सेवा किंवा उपकरण घेतले म्हणून, ग्राहकाने स्पष्ट संमती दिल्याखेरीज, मूळ मुदत लांबत नाही. मुदत 24 महिन्यांहून अधिक असू नये आणि ती संपून करार आपोआप पुढे चालू राहिला तर ग्राहकाला जास्तीत जास्त एक महिन्याच्या सूचनेवर बाहेर पडता यावे, हे कलम 105 चे दंडकही पॅकेजच्या प्रत्येक घटकाला लागू होतात. करारापूर्वी एक सारांशपत्रही द्यावे लागते: एका सेवेसाठी ए-फोर आकाराचे एक पान, पॅकेजसाठी फार तर तीन पाने, आणि अक्षरे किमान दहा पॉइंटांची. अक्षरांचा आकार कायद्याने ठरवावा लागला, यातच पूर्वीच्या करारांची अवस्था समजते.

सोडून जाण्याची प्रत्यक्ष यातायात हा आणखी एक अडसर. एक सेवा बदलणे सोपे. तीन एकदम बदलायच्या तर जुन्या कंपनीला पत्र, नव्या कंपनीची भेट, नंबर जपणे आणि मधले काही दिवस अंधारात, या धास्तीनेच माणूस जागचा हलत नाही. बेल्जियमने 1 जुलै 2017 पासून ‘ईझी स्विच’ पद्धत आणून पॅकेज बदलण्याचे हे सारे सोपस्कार नव्या कंपनीवर सोपवले, आणि हीच रीत पुढे संहितेतही आली.

या चर्चेत एक वर्ग नेहमी निसटतो: मोळी न घेणाऱ्यांचा. ब्रिटन युरोपीय संघात होते त्या काळातील गोष्ट आहे. कंपन्यांची सारी चढाओढ पॅकेजच्या सवलतींवर चाललेली असताना ज्यांच्या घरी केवळ लँडलाइन होती, त्यांचे भाडे मात्र चढत गेले, जरी त्या सेवेचा घाऊक खर्च उतरत होता. या ग्राहकांत वृद्धांचे प्रमाण मोठे, वर्षानुवर्षे एकाच कंपनीकडे राहिलेले अनेक, आणि त्यांच्यासाठी भांडायला कोणीच नाही. ‘ऑफकॉम’ या नियामकाने 2017 मध्ये हे प्रकरण हाती घेतल्यावर ‘बीटी’ या दूरसंचार कंपनीने केवळ लँडलाइन असणाऱ्या सुमारे दहा लाख ग्राहकांचे मासिक भाडे 18.99 पौंडांवरून 11.99 पौंडांवर आणण्याचे मान्य केले. महिन्याला सात पौंड! पॅकेजवाल्यांना मिळालेल्या सवलतीचा काही भाग कोणाच्या खिशातून येत होता, हे त्या सात पौंडांवरून कळते, आणि आपल्या लेखकाने ‘बचत’ मोजताना हा रकाना रिकामाच ठेवला आहे.

टेलिव्हिजनविषयी थोडक्यात. तार आणि डबा प्रतिस्पर्ध्याला भाड्याने मिळू शकतो. फुटबॉलच्या सामन्यांचे हक्क तसे मिळत नाहीत. म्हणूनच स्पेनमध्ये ‘टेलिफोनिका’ या दूरसंचार कंपनीने ‘कनाल प्लस’ ही सशुल्क टीव्ही सेवा ताब्यात घेतली तेव्हा तेथील स्पर्धा आयोगाने 2015 मध्ये अशी अट घातली की तिच्या प्रीमियम वाहिन्यांपैकी निम्म्यापर्यंत वाहिन्या प्रतिस्पर्ध्यांना घाऊक दराने घेता आल्या पाहिजेत. जर्मनीत तर मोळी घरभाड्यालाच बांधलेली होती: केबल टीव्हीचे शुल्क घरमालक इतर देखभाल खर्चाबरोबर भाडेकरूंकडून वसूल करू शकत असे, मग भाडेकरूच्या घरी टीव्ही असो वा नसो. ही मुभा 30 जून 2024 रोजी संपली.

आता माझ्या चार युरोंकडे परत येतो, कारण संहितेतील उणीव तेथेच आहे. ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या माहितीत पॅकेजमधील घटकांच्या स्वतंत्र किमती असाव्यात, असे संहितेच्या आठव्या परिशिष्टात म्हटले आहे, पण ‘ते घटक सुटेही विकले जात असतील तेवढ्यापुरते’ या शर्तीवर. ज्या कंपनीने सुटी सेवा विकणेच थांबवले, तिच्यावर किंमत सांगण्याचे बंधनच उरत नाही. ही शर्त वगळावी आणि तीन पानी सारांशपत्रात प्रत्येक घटकाचा, तो पॅकेजमधून काढल्यास बिल किती कमी होईल याचा, आकडा छापण्याची सक्ती करावी. संहितेचे पुनरावलोकन दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद कलम 122 मध्ये आहेच, त्यामुळे त्यासाठी नवे दार शोधावे लागणार नाही. तो आकडा शून्याखाली असला तरी छापावा. माझ्या बाबतीत तो उणे चार असता, आणि सही करण्यापूर्वी मी तो पाहिला असता.

आपला,
एक वाचक, लिस्बन