गणपतीला येत नाहीये, त्याचं खरं कारण

रेडिंग, इंग्लंड,
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबा यांना
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर मी म्हणाले की रजा शिल्लक नाही म्हणून गणपतीला येता येणार नाही. ते खरं नव्हतं. रजा आहे, 9 दिवसांची, आणि ती मी दुसऱ्या गोष्टीसाठी टाकली आहे. मंजूरही झाली. आईने नुसतं "बरं" म्हटलं आणि लगेच "जेवलीस का" विचारलं, तेव्हा पुढचं तोंडातून निघालंच नाही. दोन रात्री त्या "बरं"ने झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलेय. सगळं वाचून घ्या, मग काय रागवायचं ते रागवा.

मी 7 दिवस सायकलवर जातेय. किंग आल्फ्रेड्स वे नावाची वाट आहे, 350 किलोमीटरची, गोल फिरून परत त्याच जागी येणारी. सायकलिंग यूके म्हणून इथली सायकलवाल्यांची मोठी संस्था आहे, तिने 2020 मध्ये जुन्या वाटा जोडून ती आखली. आल्फ्रेड हा 9 व्या शतकातला राजा, विंचेस्टर त्याची राजधानी, म्हणून नाव तसं. ती वाट रेडिंगमधूनच जाते, त्यामुळे मला सायकल घेऊन रेल्वेत चढायचीही गरज नाही. घराला कुलूप लावायचं आणि निघायचं. बाबा, 350 ला 7 ने भागून बघा, रोजचे 50. तुम्ही चाळिशीत शाळेत जाऊन-येऊन, वर शनिवारी पसरणी घाटाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जायचात, त्यापुढे हे काही फार नाही.

पण वाट डांबरी नाही, हेही सांगून टाकते. बहुतेक कच्ची आहे. शेताच्या कडेची गाडीवाट, थोडी जंगलातली मुरमाड, आणि डोंगरमाथ्यावर आली की पांढरी, खडूची. आपला फळ्यावरचा खडू जिप्समचा असतो हे तुम्हीच सांगितलेलं आहे, पण हा खरा खडू. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांची कवचं तळाशी साठून साठून झालेला खडक, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाहूनही जुना. तुमच्या उजव्या बाहीवर जी भुकटी असायची आणि आई धुवायच्या आधी बाहेर अंगणात झटकायची, अगदी तशी भुकटी घरी आल्यावर माझ्या पोटऱ्यांवर असते. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी मोरीत बसून पाय धुवायचे सोडून नुसती बघत राहिले होते.

आत्ताच का, डिसेंबरमध्ये का नाही, हे तुम्ही विचारणार. कारण हा खडू भिजला की साबणासारखा होतो. ऑक्टोबरनंतर पाऊस लागला की चाक जागच्या जागी फिरतं आणि पांढरा चिखल ब्रेकमध्ये भरतो. दिवसही लहान होत जातो, डिसेंबरमध्ये चारला अंधार. सप्टेंबरात वाट कोरडी असते आणि संध्याकाळी सातपर्यंत उजेड. ऑगस्टमध्ये सुट्टीची गर्दी, राहायच्या जागा दुप्पट भावाच्या. सगळा हिशोब मांडून बघितला, आणि प्रत्येक वेळी उत्तर गणपतीच्याच आठवड्यावर आलं. मी दुसरा आठवडा शोधला नाही असं समजू नका.

आणि खरं सांगायचं तर हिशोब एवढंच कारण नाही. जानेवारीत तुमच्याजवळ 3 आठवडे राहून परत आले, त्यानंतर माझं काय झालं होतं ते तुम्हाला फोनवरून कळत होतंच. आईने तर न विचारताच ओळखलं होतं. बाबा तिथे बरे होत होते आणि इथे मला सकाळी उठून दात घासायचा कंटाळा येत होता. एप्रिलमध्ये ऑफिसातल्या मैत्रिणीने तिची जुनी सायकल दिली आणि ओढूनच नेलं, गोरिंगपर्यंत. तिथे थेम्सवरचा पूल ओलांडला की पलीकडे स्ट्रीटली, आणि तिथून चढ. निम्म्यात उतरून ढकलत गेले. वर पोचलो तर रस्ता म्हणजे दोन पांढऱ्या चाकोऱ्या, मध्ये गवताचा पट्टा, दोन्हीकडे जव, आणि डोक्यावर एक चंडोल. दिसत नव्हता, नुसता गात होता. पाच हजार वर्षांपासून लोक त्या वाटेने चालत आलेत म्हणतात, रिजवे नाव तिचं. मी तिथे बसून घरून नेलेली पोळी-भाजी खाल्ली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

तेव्हापासून दर शनिवारी जाते. गोळीही डॉक्टरांनी अर्धी केली आहे, जुलैपासून. हे तुम्हाला डिसेंबरमध्ये समोर बसून सांगणार होते, पण आता सांगितलंच.

आता आईसाठी. तंबू वगैरे काही नाही. सहाही रात्री चार भिंती, पलंग, गरम पाणी, सकाळी नाश्ता. पहिला मुक्काम फार्नहॅमला, मग पीटर्सफील्डकडे, मग विंचेस्टर, सॉल्सबरी, एव्हबरी, आणि शेवटची रात्र रिजवेच्या पायथ्याच्या एका गावात. सगळ्या जागांची पत्ते आणि फोन नंबरांसकट यादी दादाला पाठवली आहे. खायला दाण्याची चिक्की, खजूर, आणि तू दिलेलं मेतकूट एका छोट्या डबीत. गरम भात कुठे ना कुठे मिळतोच. पहिले 3 दिवस मैत्रीण बरोबर आहे. विंचेस्टरहून ती ट्रेनने परत जाईल आणि पुढचे 4 दिवस मी एकटी. हे लपवून ठेवलं असतं तर सोपं होतं, पण एकदा खोटं बोलून बघितलं, जमत नाही.

एकटी म्हणजे रानात हरवलेली, असं डोळ्यासमोर आणू नकोस. या वाटा हक्काच्या आहेत. घोड्यांसाठीच्या वाटांवर सायकल नेता येईल असा कायदाच 1968 मध्ये झाला. अट एवढीच की चालणाऱ्याला आणि घोड्यावरच्याला आधी जाऊ द्यायचं. त्यामुळे कोणी शेतकरी अंगावर येत नाही, उलट फाटक उघडून धरतात. दर काही मैलांवर गाव असतं. फक्त सॉल्सबरीच्या पठारावर लष्कराचा सरावाचा भाग लागतो. तिथे लाल निशाण लावलेलं असेल तिकडे जायचं नाही एवढा साधा नियम आहे, आणि मी तो पाळणार आहे. स्टोनहेंजही तिथेच, वाटेवरून दिसतं.

पंक्चरचं बाबांना सांगते. खडूत गारगोट्या असतात, वरून पांढऱ्या आणि फुटल्या की आतून काळ्या, काचेसारख्या धारेच्या. जूनमध्ये एक मागच्या टायरमध्ये घुसली. टायर 45 मिलिमीटरचा आहे, तुमच्या ॲटलस सायकलच्या टायरपेक्षा थोडा जाड, आणि आत ट्यूबच नाही. ट्यूबऐवजी पांढरा चीक भरलेला असतो. फुस्स आवाज आला, चीक भोकातून दोनदा उडाला, मी चाक फिरवून भोक खाली आणलं आणि मिनिटभरात आपोआप बुजलं. मला घमेल्यातलं पाणी आठवलं, त्यात तुम्ही ट्यूब दाबून धरायचात आणि बुडबुडा कुठून येतो ते मी बोट दाखवून सांगायचे. तेव्हा मला वाटायचं, मी नसले तर बाबांना पंक्चर सापडणारच नाही. तरी एक ट्यूब, सोल्यूशन आणि पंप बरोबर आहे, काळजी नको.

नद्यांबद्दल तर तुमच्याशी तासभर बोलायचंय. इथल्या खडूवर पाऊस पडला की वाहून जात नाही, मुरतो. डोंगरमाथ्यावर ओढा नाही, तळं नाही, सगळं पाणी पोटात. मग महिन्यांनी खाली दरीत झरा होऊन निघतं, गाळून निघाल्यासारखं नितळ, बारा महिने साधारण 10 अंशाचं. जगात अशा नद्या थोड्याच आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडात. विंचेस्टरची इचिन तशी, तिच्या पलीकडची टेस्ट तशी. पुलावरून बघितलं की तळातला एकेक गोटा दिसतो, आणि पाणवनस्पतीच्या हिरव्या लांब जटा प्रवाहात हलत असतात, आई केस धुवून घाटावर उभी राहायची तशा. एव्हबरीजवळच्या गावांच्या नावात विंटरबोर्न आहे, म्हणजे फक्त हिवाळ्यात वाहणारा ओढा. जमिनीतलं पाणी वर चढलं की तो जिवंत होतो. सप्टेंबरात कोरडा असेल. मी तरी उतरून बघणार आहे, आणि तुम्हाला फोटो पाठवणार आहे.

आता माझं ऐका दोघं.

मूर्ती या वर्षी बाबांनी स्कूटरवर आणायची नाही. दादा रिक्षाने आणेल, बाबा रिक्षात बसून मांडीवर पाट घेतील, तो मान त्यांचाच. विसर्जनाला घाटाच्या शेवटच्या चार पायऱ्या उतरायच्या नाहीत, शेवाळ असतं. आई, माळ्यावरचे गौरीचे मुखवटे काढायला स्टुलावर चढू नकोस, वहिनीला सांग. मोदक एकवीसच, जास्त नाही, उरलेले आत्या आणेल, मी बोललेय तिच्याशी. सकाळची रक्तदाबाची गोळी उपासाच्या दिवशीसुद्धा घ्यायची. "उद्या दोन घेतो" हे चालत नाही हो बाबा, जानेवारी आठवा. आणि मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. मी येईपर्यंत थांबू म्हणताय ते मला कळतं, पण आधी करून घ्या, म्हणजे मी आले की तुम्ही मला नीट बघाल. थेंब घालायला मी नसेन, पण दादाचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

18 डिसेंबरचं तिकीट काढलं आहे, 5 आठवड्यांचं. रागात लिहिलंय असं वाटलं तर तसं नाही, मला लांबून दुसरं काही करता येत नाही म्हणून एवढं सांगते.

रोज इथल्या दुपारी 4 ला, म्हणजे तुमच्या रात्री साडेआठला फोन करीन. एखाद्या दिवशी रेंज नसली तर साडेनऊपर्यंत थांबा आणि मगच दादाला उठवा. आरतीच्या वेळी फोन लागला तर तसाच देवासमोर धरून ठेवा, मी चढावर असले तरी थांबेन. शेवटच्या दिवशी गोरिंगच्या पुलावरून व्हिडिओ कॉल करते. चष्मा जवळ ठेवा.

तुमची,
चिमी

ता. क. आई, जुन्या ट्रंकेत बाबांच्या सायकलची पितळी घंटा आहे का बघ. डिसेंबरमध्ये घेऊन जाईन. बाबांची हरकत नसेल तरच.