बोट नव्हे, बोटीपर्यंतचं विमान

चिखली, वास्को
१६ जून २०२४

प्रिय बाबल,

परवा फोनवर तू विचारलंस, "बोटीची आठवण येते काय रे?" मी "नाही" म्हणालो आणि तू गप्पच झालास. मग वहिनींनी फोन घेतला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, आणि तो विषय तिथेच राहिला. खोटं नव्हतो बोललो. इंजिनरूममधली ती भट्टी, बोटीच्या तळातल्या घाण पाण्याचा, त्या बिल्जचा वास, सेकंड इंजिनीअरची आरडाओरड, यातल्या कशाचीच मला आठवण येत नाही. मला आठवण येते ती बोटीवर नेऊन सोडणाऱ्या विमानाची. आपल्या जंबोची, त्या चार इंजिनांच्या बोइंग ७४७ ची.

आणि ती आता उगाच नाही आली. भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एअर इंडियाची उरलीसुरली चार जंबो विकली गेली, त्यातलं 'आग्रा' २२ एप्रिलला मुंबईहून कायमचं अमेरिकेला गेलं. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकाने एकदा डावा पंख झुकवला, एकदा उजवा. भाचा म्हणतो, "मामा, बघ, टाटा करतंय." (टाटांच्या घरचं विमान, दुसरं काय करणार!) तो हसत निघून गेला. मी मात्र तेवढंच पुन्हा पुन्हा बघत बसलो, चहा पार निवला.

आपली १९८६ ची पहिली खेप आठवते? एअर इंडियाचं 'कनिष्क' जंबो पडल्याला जेमतेम आठ महिने झाले होते. ३२९ माणसं गेली होती. त्याआधी १९७८ च्या १ जानेवारीला 'सम्राट अशोक' हे जंबो वांद्र्यासमोर समुद्रात पडलं होतं, तेही आईच्या पक्कं लक्षात. निघायच्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहून विचारते, "बोटीर वचपाक बोटीनच गेल्यार जायना?" बोटीवर जायला बोटीनेच गेलं तर चालत नाही का? काय उत्तर देणार? शांतादुर्गेला नारळ ठेवला आणि रात्रीची बस धरली. तू कुडाळला चढलास, हातात ती पत्र्याची पेटी आणि सुंगटांच्या (कोळंबीच्या) लोणच्याची बाटली. त्या बाटलीला मुंबईच्या सहार विमानतळापर्यंत तू मांडीवरून खाली ठेवलं नाहीस. पोरालासुद्धा कोणी इतकं जपून नेत नाही.

बसने विमानाच्या पोटाखाली नेऊन सोडलं तेव्हा आपण दोघंही वर बघत उभे राहिलो होतो. शेपूट सहा मजली घराएवढं. खिडक्यांना बाहेरून रंगवलेले झरोके, जशी राजवाड्याच्या गवाक्षांची रांगच. तुझं लक्ष मात्र खाली. तू चाकं मोजत होतास. "अठरा," म्हणालास, "पंक्चर काढणारा बसून रडेल." मागचा माणूस ओरडला तेव्हा कुठे आपण जिना चढलो.

आत एका ओळीत दहा खुर्च्या, मध्ये दोन वाटा. उडताना डोक्यावरचे कप्पे असे खडखडायला लागले की वाटलं, कोणी भांड्यांची मांडणीच हलवतंय. धावपट्टी संपत आली तरी ते जमीन सोडेना. मग नाक उचललं, आणि बाकीचं धूड सावकाश मागून आलं. बसलेली म्हैस उठते ना, तसं.

तो हेडफोन तर तुला आठवतच असेल. तार नाही, बिर नाही, नुसती पोकळ प्लास्टिकची नळी, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी. खुर्चीच्या हातात दोन भोकं, त्यात खोचायची. आवाज तिथून हवेने कानात यायचा. तू कान त्या भोकालाच लावून बघितलास आणि म्हणालास, "अरे, बाजा आतच वाजतोय!" उतरताना तो तुझ्या पेटीत गेला. मी बघितलं होतं, आजवर बोललो नाही.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. घरी असलो की घरचे आपल्यावर मालक: छप्पर शाकारा, बहिणीचं लग्न, कर्जाचा हप्ता. बोटीवर चढलो की कॅप्टन मालक. मधले ते वीस-बावीस तास, मुंबई ते लंडन आणि लंडन ते न्यूयॉर्क, आपण कोणाचेच नव्हतो. काम सांगायला कोणी नाही. अंगावर धुतलेला शर्ट, नखात ग्रीस नाही. आणि विमान एवढं मोठं की खुर्चीला चिकटून बसावं लागायचं नाही. एका वाटेने मागे जायचं, दुसऱ्या वाटेने पुढे यायचं, मध्ये कोणी पाय लांब करून झोपलेला असला की वळसा. मागच्या गॅलीपाशी, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरापाशी, सिगारेटच्या धुरात सगळे गोळा व्हायचे: बोटीवर जाणारे, कारखान्यात चाललेले, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली एक सासष्टीची म्हातारी. तिने तुझं लोणचं चाखलं आणि मीठ कमी आहे म्हणाली. तू दोन दिवस धुमसत होतास!

विमानातला तो पर्सर, सेवकांचा मुख्य, आठवतो? आपलं कोंकणी ऐकून थांबला. म्हापशाचा निघाला. रात्री सगळे झोपल्यावर त्याने आपल्याला तो गोल वळणाचा जिना चढवून वरचा मजला दाखवला. काय होतं वर? चार-सहा साहेब घोरत पडलेले आणि मंद दिवे. पण खाली येताना तू कठडा धरून असा उतरलास, जणू घर तुझंच.

पुढे नव्या जंबोंना राजांऐवजी गावांची, देवळांची नावं आली. कोणार्क, खजुराहो, अजिंठा, आग्रा. आणि एक होतं 'वेल्हा गोवा'. ते मला एकदाच मिळालं. तू तेव्हा दुसऱ्या कंपनीत होतास. आत शिरताना नाव कळलं आणि इतकं हसू आलं की शेजारचा पंजाबी बघायलाच लागला. दोन दिवसांपूर्वी रडत गोवा सोडला होता आणि तिकीट काढून पुन्हा गोव्यातच बसलो होतो. साडेतीन-चारशे माणसांचा गाव, चर्च नाही, मासळीबाजार नाही.

आता ही विमानं का गेली, ते तुझ्यासारख्या फिटरला वेगळं सांगायला नको. चार इंजिनं म्हणजे चार तोंडं खायला. पूर्वी नियम असा की दोन इंजिनांच्या विमानाने ६० मिनिटांत कुठला तरी विमानतळ गाठता येईल असंच उडायचं. म्हणजे मोठ्या समुद्राला वळसा. १९८५ मध्ये ती मर्यादा १२० मिनिटांची झाली, पुढे आणखी वाढली. आणि इंजिनं तर बघ: पहिल्या जंबोच्या एकेका इंजिनाचा जोर साधारण ४३ हजार पौंड. दोन इंजिनांच्या बोइंग ७७७ चं सगळ्यात मोठं इंजिन एकटंच १ लाख १५ हजार. दोघं मिळून त्या चौघांना मागे टाकतात. कुठला मालक चौघांना पोसेल? एकूण १,५७४ जंबो बनली, शेवटचं गेल्या वर्षी जानेवारीत मालकाच्या ताब्यात दिलं. तेही मालवाहू.

एअरबसचं ए-३८० मला दुबई ते लंडन एकदा मिळालं. दोन पूर्ण मजले, आवाज म्हणून नाही. देवासारखी झोप लागली, आणि त्यातच त्याचं चुकलं. जंबोत मी कधी झोपलो नाही. तेही १९६९ साली पहिल्यांदा उडालेल्या आणि पन्नासहून जास्त वर्षं बनत राहिलेल्या जंबोपुढे अल्पायुषीच ठरलं. २५१ झाली आणि २०२१ मध्ये कारखाना थांबला.

इथल्या दाबोळी विमानतळावरही मध्यंतरी रशियन पर्यटकांना घेऊन जंबो यायचं. आमच्या गच्चीवरून दिसायचं. नौदलाच्या त्या धावपट्टीवर ते उतरलं की सगळी आळी बाहेर. मी शेजारच्या पोरांना चाकं मोजायला लावायचो. अठरा म्हणणाऱ्याला एक चिक्की.

गेल्या आठवड्यात भाच्याला मोपाच्या नव्या विमानतळावर सोडून आलो. तोही बोटीवरच चाललाय, तिसऱ्या खेपेला. आता रात्रीची बस नाही, गिरगावात मावशीकडे मुक्काम नाही. मध्ये एकच वाट असलेलं विमान, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन, उठायचं तर दोघांना उठवा. पोचल्यावर फोन आला. विचारलं, "वाटेत कोण भेटलं?" म्हणाला, "कोण भेटणार, मामा? कानात हेडफोन होता."

त्यावरूनच आठवलं. ती पत्र्याची पेटी अजून माळ्यावर असेल तर जरा काढून बघ. नळी आता कडक होऊन तडकली असेल, तरी टाकू नकोस. सांजांवच्या सणाला मी येतोय, भाच्याला दाखवायला घेऊन जाईन. आणि वहिनींना सांग, सुंगटांच्या लोणच्यात या वेळी मीठ बघून घाला.

तुझा,
उल्हास