वही घेणारीही करदातीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘प्रामाणिक करदात्यांच्या पैशांवर वस्त्यांना फुकट सोयी कशाला?’ अशा आशयाची पत्रं आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. बातम्यांतसुद्धा ‘करदाते’ म्हणजे प्राप्तिकर भरणारे, असंच धरलेलं असतं. मंडईजवळ माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. तीस वर्षांहून जास्त काळ मी गल्ल्यावर बसतोय. कराचा पैसा कुणाच्या खिशातून निघतो ते रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून हे पत्र.

2025 च्या जूनमधली गोष्ट. शाळा उघडायच्या आधीचा शनिवार, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. घरकाम करणाऱ्या एक मावशी दोन मुलींचं सामान घ्यायला आल्या होत्या. दोन डझन मोठ्या वह्या, दोन कंपास. बेरीज सांगितल्यावर त्यांनी रुमालाची गाठ सोडली, नोटा दोनदा मोजल्या आणि एक कंपास परत काउंटरवर ठेवली. ‘दोघी मिळून वापरतील,’ म्हणाल्या. मागे एक गृहस्थ खोळंबले होते. ते मोठ्यानं म्हणाले, ‘यांना शाळेत सगळं फुकट मिळतं, टॅक्स भरायचा आम्ही.’ मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, ‘खरंय दादा, आम्ही गरीब माणसं कुठला टॅक्स भरतो.’

त्यांचं ते कबूल करणं मला फार लागलं. रात्री दुकान बंद करताना मी त्यांचं बिल पुन्हा काढून बघितलं. वही 56 रुपयांची. त्यातले 50 वहीचे आणि 6 जीएसटीचे, कारण तेव्हा वह्यांवर 12 टक्के कर होता. चोवीस वह्यांचे 144 रुपये झाले. त्यांनी परत ठेवलेली कंपास 112 रुपयांची होती. म्हणजे मुलीची कंपास घेऊन वर पैसे उरले असते, एवढा कर त्या बाईंनी त्या एका खरेदीत भरला होता. गर्दीत मला हे सुचलं नाही, त्यांना सांगायचं राहून गेलं.

22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबरवरचा कर शून्यावर आला, कंपासपेटीवरचा 5 टक्क्यांवर. हा निर्णय फार चांगला झाला, त्याबद्दल मनापासून समाधान आहे. पण मोबाइलच्या रिचार्जवर अजूनही 18 टक्के आहेतच. मावशी ज्या रिक्षानं येतात तिच्या इंधनातही कर आहे. वेष्टणावर बारीक अक्षरात ‘सर्व करांसहित’ छापलेलं असतं, ते कोण वाचतं? प्राप्तिकर भरणाऱ्याच्या हातात आकडा असतो. मावशींच्या हातात काहीच नसतं, म्हणून त्यांनाही वाटतं की आपण काही भरत नाही.

आम्हा दुकानदारांबद्दलही बोललं पाहिजे. जकात होती तेव्हा नाक्यावर भरलेली रक्कम आम्ही वहीच्या किमतीत धरायचो. 1 एप्रिल 2013 ला पुण्यात जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तेव्हा आम्ही व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून विरोध केला. मीही त्यात होतो. त्या कराच्या हिशेबाचा जाच खरा होता, तो विरोध मला आजही योग्य वाटतो. पण कर भरणारे म्हणून निवेदनं आम्ही दिली आणि पैसे गिऱ्हाइकानं दिले, हेही तितकंच खरं आहे.

भाडेकरूंचं तसंच. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते. मधली काही वर्षं ती बंद झाली होती, तेव्हा शहरात केवढी ओरड झाली आणि 2023 मध्ये ती परत मिळाली, आनंदच आहे. घर भाड्यानं दिलं असेल तर मात्र ती सवलत नाही, आणि जादा कर भाड्यात चढतोच. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाटेपुरती जागा भाड्यानं घेऊन, एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं माझ्याकडे रजिस्टरं घ्यायला येतात. बिल त्यांच्या नावावर येत नाही, पण या शहराचा मिळकतकर तीही भरतात. त्यांना करदाते कुणी म्हणत नाही.

आणि व्यवसाय कर! 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांना पैसा हवा म्हणून 1975 मध्ये महाराष्ट्रानं तो बसवला. शहरातल्या पगारदारानं गावाकडच्या मजुरासाठी दिलेला पैसा, मला त्याचा अभिमान वाटतो. पण महिना 13 हजार मिळवणाऱ्या, प्राप्तिकराच्या जवळपासही नसलेल्या पुरुष कामगाराचे वर्षाला 2500 कापले जातात आणि लाख रुपये पगारवाल्याचेही तेवढेच.

ही नवी गोष्ट नाही. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता तेव्हा 1902 च्या अर्थसंकल्पावर बोलताना याच पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सरकारला सुनावलं होतं, की तिजोरीत शिल्लक पडते आहे ती गरिबावर भार टाकून. पुढच्याच वर्षी तो कर दोन रुपयांवर आला, 1907 पर्यंत एक रुपयावर. त्याच्याही वीस वर्षं आधी, 1882 मध्ये, महात्मा फुल्यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे मांडलं होतं, की सरकारचं उत्पन्न मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतं आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. फुले 1876 पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याआधी शिक्षणाकडे बघा, असं म्हणून त्यांनी विरोध केला होता. 1886 मध्ये ती रे मार्केट म्हणून उघडली. आज तिला त्यांचंच नाव आहे. माझ्या दुकानाच्या दारातून तिचा कळस दिसतो.

महापालिकेच्या शाळेत मुलींना गणवेश मिळतो, पुस्तकं मिळतात, ती त्यांच्या आईनं आधी भरलेल्या पैशातलीच आहेत. पुरेशी मिळत नाहीत, याबद्दल खरं तर ओरड व्हायला हवी.

आपल्याला एकच विनंती. बातमी प्राप्तिकराची असेल तेव्हा ‘प्राप्तिकर भरणारे’ असं स्पष्ट लिहावं आणि नुसतं ‘करदाते’ लिहाल तेव्हा त्यात मावशींनाही धरावं. मी माझ्यापुरतं सुरू केलंय. बिल देताना कराच्या आकड्याखाली पेनानं रेघ मारतो आणि तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवतो.

आपला,
एक वही-पुस्तक विक्रेता
शुक्रवार पेठ, पुणे