गुडघ्यानंतरचं वर्ष

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून किती दिवस हे बास्केटबॉल?" बाबा शेजारीच होते म्हणून विषय बदलला. आज सगळं लिहितो.

तुला फक्त 'पाय गेला' एवढंच माहीत आहे. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता रे. पळता पळता दिशा बदलली, बूट सिमेंटला धरून राहिला आणि गुडघा आत वळला. 'कट्' असा आवाज झाला, तो अजून झोपेत ऐकू येतो. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना धरून ठेवणारा बंध, तुटला. डॉक्टरांनी मांडीमागच्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तिथं बसवली आणि नऊ महिने मॅच बंद म्हणून बजावलं. ऑपरेशनला बाबांनी वीटभट्टीचा अख्खा हंगाम मोडला. त्यावर एक शब्द बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

घरी खुर्चीत बसून डाव्या हातानं ड्रिबल करायचो. सारवलेल्या अंगणात बॉल उडेना, तर आईनं दारातली फरशी रिकामी करून दिली. कुबड्या सुटायच्या आधीच सकाळच्या एसटीनं बेळगावला जाऊन बेंचवर बसू लागलो. आणि मित्रा, खेळ मला तिथं दिसला. मी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेऊन बाकीच्यांना खेळवणारा, पण बॉल हातात आला की रिंगकडे धावायचं एवढंच मला ठाऊक होतं. बाहेर बसल्यावर कळलं, बचाव करणारा एकटक बॉलकडे बघायला लागला की त्याच्या पाठीमागची वाट मोकळी होते. तेवढ्यात पास गेला पाहिजे. आपली कानडी पोरं ओरडतात ना, "हिंद नोड, हिंद नोड!" म्हणजे 'मागं बघ, मागं बघ!' तीन वर्षं ऐकत होतो, अर्थ आत्ता उतरला.

आता वेग पूर्वीचा नाही, खोटं कशाला बोलू? पण पंचवीस ओलांडली की आंतरविद्यापीठ स्पर्धेचं दार बंद, म्हणजे माझ्याकडे हा एकच सीझन. रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून लागायचं म्हटलं तरी मोठ्या स्पर्धेतली कामगिरी दाखवावी लागते. ट्रायल देणारच.

आठवतंय, 2015 साली आपण नववीत असताना सतनाम सिंगचा फोटो पेपरातून कापून वहीत चिकटवला होता? एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडला गेलेला पहिला भारतीय, पंजाबातल्या खेड्यातला, सव्वासात फुटांच्या आसपासचा. त्यालाही तिथल्या सीझनमध्ये एक मॅच खेळायला मिळाली नाही. तेव्हा मला ते अपयश वाटायचं. आता वाटत नाही. तिथवर पोचायला तो किती पहाटे उठला असेल, एवढंच मनात येतं.

इथं पाऊस थांबायचं नाव नाही. शाळेच्या कोर्टवर पोत्यांनी पाणी पुसून आम्ही फ्री थ्रो मारतो. आम्ही म्हणजे मी आणि शेजारचा आठवीतला पोरगा. जाळी कुजून गेली आहे, बॉल आत गेला की नाही यावरून रोज भांडतो माझ्याशी! मी रोज शंभर मारतो, तो मोजतो, मग तो मारतो. अनवाणी खेळतो, आणि त्या सिमेंटवर मला ते बघवत नाही.

गणपतीला येशील तेव्हा तुझे ते निळे बूट माळ्यावरून काढून आण. त्या पोराच्या पायाचं माप मी दोऱ्यानं घेऊन ठेवलंय, तुझ्यापेक्षा बोटभरच कमी आहे. पुढं कापूस घालू.

तुझाच,
जुना पॉइंट गार्ड